पश्चिम उतारावरचे गवत

कचरू आमच्या जांभळीच्या बंगल्यावर कामाला लागला तो १९७१ च्या नोव्हेंबरात, माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हा तो पंचविशीचा असेल. त्याला स्वतःचे जन्मसाल माहीत नव्हते. सासऱ्यांनी विचारले, "काय काम येतं?" तो म्हणाला, "गवत जाळता येतं." सासरे हसले आणि म्हणाले, "ते तर कुणालाही येतं." त्यावर कचरू म्हणाला, "पेटवायला समद्यांनाच येतं, मालक. मला थांबवाया येतं."

बंगला अकोले तालुक्यात, राजूर सोडून पुढे धरणाच्या पाण्यावरून वर चढत गेले की डोंगराच्या खांद्यावर आहे. धरणाच्या कामावर आलेल्या एका इंग्रज इंजिनिअरने तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बांधला. काळ्या दगडाच्या भिंती, चुन्याचे सांधे, वर मंगलोरी कौले आणि चारी बाजूंनी रुंद व्हरांडा. दारात दोन जुनी जांभळाची झाडे आहेत, त्यांच्यावरून लोकांनी नाव दिले. सासऱ्यांनी तो १९४९ मध्ये विकत घेतला. माझे यजमान नगरला डॉक्टर होते. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत सवड मिळेल तसे आम्ही वर जात असू. बाकीचे दिवस बंगला कचरूच्या हवाली असे.

पावसाळ्यात त्या डोंगरावर माणसाच्या कमरेएवढे गवत वाढते. डिसेंबरात ते वाळून पिवळे होते आणि फेब्रुवारीपासून त्याला एक ठिणगी पुरते. म्हणून दरवर्षी जाळपट्टा करावा लागतो. कचरू दहा-बारा हातांच्या अंतराने गवताच्या दोन पट्ट्या विळ्याने साफ कापायचा आणि मधले गवत मुद्दाम जाळून टाकायचा. मग वणवा आला तरी त्या काळ्या पट्ट्याशी येऊन थांबतो. सांगायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात वेळ चुकली तर पट्टा जाळणाराच वणवा लावतो. दिवसा वारा खालून वर चढतो. सूर्य टेकला की तो काही वेळ थबकतो आणि मग वरून खाली उतरू लागतो. कचरू त्या थबकण्याची वाट पाहत उभा राही. चिमूटभर माती उचलून सोडायचा, ती कशी पडते ते पाहायचा, पुन्हा उचलायचा. आग झोडपायला ओले डहाळे हातात घेतलेली माणसे कंटाळून जात. कोणी म्हणे, "कचरूनाना, वाऱ्याची सोयरीक जमवताय का काय?" तो मातीकडेच पाहत राही. कानावर विडी खोचलेली असे, पण काम संपेपर्यंत ती पेटवत नसे.

बंगल्याखालच्या उंबरवाडीत एक जुनी रीत आहे. ज्याच्या हाताने डोंगराचा पट्टा जळतो, त्याच्याच हाताने वाडीची होळी पेटते. कचरूच्या आधी हा मान त्याच्या चुलत्याकडे होता. १९७६ पासून तो कचरूकडे आला. वर्षातून ती एक संध्याकाळ तो धुतलेले पांढरे धोतर नेसायचा. त्याची बायको भागिरथी त्याच्या पाठीमागे नैवेद्याची पोळी घेऊन उभी असायची. कचरूजवळ जमीन थोडी होती आणि तीही खडकाची. लिहिणे-वाचणे नव्हते. त्या वाडीत तो जो काही होता तो या मानामुळे होता.

आता माझ्या वहीबद्दल लिहिणे भाग आहे, कारण तिच्याशिवाय कचरूची हकिकत पुरी होत नाही. कॉन्व्हेंटमध्ये असताना आमच्या सिस्टर रोज झोपण्यापूर्वी अर्धे पान लिहून घेत. आधी तारीख, मग हवामान, मग दिवसभरात काय केले आणि काय चुकले. ती सवय पुढे सुटली नाही. बंगल्यावर मी सकाळी व्हरांड्यात बसून वही लिहीत असे. कचरू कामे विचारायला यायचा तेव्हा मी त्याला सांगता सांगता तेही लिहून ठेवी. पन्हळ साफ करणे, टाकीला चुना, जांभळाची वाळकी फांदी उतरवणे. सगळे सांगून झाले की तो पायरीवरून विचारायचा, "लिवलं का, बाईसाहेब?"

"लिहिलं."

"मंग झालं पक्कं."

वीस-बावीस वर्षे हे असेच चालले होते. माझे यजमान थट्टेने म्हणत, "कचरू, तुझा देवावर नाही एवढा विश्वास या वहीवर आहे." तो म्हणे, "देव लिवून देत न्हाई ना, सायेब."

१९ फेब्रुवारी १९९४, शनिवार. त्या दिवशी मी पुण्याला होते. मुलीचे पहिले बाळंतपण अवघड गेले होते आणि दीड महिना मी तिच्याजवळच होते. दिवस मावळल्यावर पश्चिमेच्या कड्यावरून वणवा उतरला. बंगल्याच्या तीन बाजूंना जाळपट्टा झालेला होता. पश्चिमेला नव्हता. त्या बाजूचे गवत जसेच्या तसे उभे होते. आगीने पश्चिमेचा व्हरांडा घेतला. वासे, कौले, इंग्रजाच्या वेळची सागवानी जाळी, सगळे गेले. तिथून ती उतारावरून वाडीत घुसली. गवताच्या पाच गंजी जळाल्या आणि वाडीतल्या गोरक्षनाथ नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्याने पेट घेतला. कचरू आत शिरला. गाय त्याने सोडवली. बैलांच्या दाव्याच्या गाठी आवळल्या होत्या, त्या सुटेनात. दोन्ही बैल जागीच गेले. कचरूचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. त्या हाताची दोन बोटे नंतर कधी सरळ झाली नाहीत.

यजमान दुसऱ्या दिवशी नगरहून आले. त्यांनी जळालेला व्हरांडा पाहिला, न केलेला पट्टा पाहिला. वाडीतली माणसे भोवती उभी होती. त्यांनी विचारले, "पश्चिमेचा पट्टा का नाही केला?" कचरू म्हणाला, "ऱ्हायला, सायेब." तीन-चार वेळा विचारले, प्रत्येक वेळी हेच उत्तर. यजमानांनी त्याला त्याच जागी कामावरून काढले. हाताला औषधपाणी मात्र स्वतः केले. हे सगळे त्यांनी मला पत्राने कळवले. मला ते पत्र वाचून वाईट वाटले आणि मी बाळाच्या कामाला लागले.

त्या वर्षी वाडीची होळी गोरक्षनाथाने पेटवली. ज्याचे बैल गेले त्याला मान द्यावा असे सगळ्यांचे म्हणणे पडले.

मे महिन्यात मी वर गेले तेव्हा कचरू एकदाच भेटायला आला. हाताला फडके गुंडाळलेले होते. तो नेहमीच्या पायरीवर उभा राहिला. टेबलावर माझी वही होती, तिच्याकडे त्याने पाहिले.

"वही आनलीय जनू," तो म्हणाला.

"आणली आहे."

तो थांबला. मला वाटले नोकरी परत मागतो आहे. मी म्हणाले, "कचरू, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

तो आणखी थोडा वेळ वहीकडे बघत राहिला. मग "व्हय, बाईसाहेब," एवढेच बोलून उतरून गेला. हे संभाषण त्या दिवसाच्या पानावर जसेच्या तसे आहे. खाली मी लिहिले आहे, "पश्चात्ताप दिसला नाही."

पुढची तीस वर्षे त्याची कशी गेली ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत होते. काही वर्षे तो रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला. भाजलेल्या हाताने ते जमेना, मग संगमनेरकडे कांदा काढणीला जाऊ लागला. मुलगा दूध संघात लागला आणि तिकडेच राहिला. कचरू मात्र वाडी सोडेना. वाडीत कोणी त्याच्या हातात काडीपेटी देत नसे. लग्नात चूल पेटवायची असली तरी त्याला बाजूला करत. गोरक्षनाथ चारचौघांत म्हणायचा, "कचऱ्या, तू विडी वढाया घेतली की माझ्या मेलेल्या बैलांना घाम फुटतो." लोक हसत. कचरूने विडी सोडून दिली.

आणि दरवर्षी डिसेंबरात तो विळा घेऊन वर यायचा आणि पश्चिम उतारावरचे गवत कापायचा. जाळायचा नाही. नुसते विळ्याने, जमिनीबरोबर, कड्यापासून वाडीच्या वरपर्यंत, तीन-चार आठवडे. कोणी सांगितले नव्हते, कोणी मजुरी देत नव्हते. आमच्या नव्या राखणदाराने विचारले तेव्हा यजमान म्हणाले, "करू दे. केलेलं फेडतो आहे." वाडीतही लोक तेच म्हणत. ते कापणे पाहून त्याच्या चुकीबद्दल कोणाला शंका उरली नाही. मलाही नाही. मी नव्या व्हरांड्यात, पत्र्याखाली बसून त्याला कापताना पाहत असे. कौले पुन्हा मिळाली नव्हती, म्हणून त्या बाजूला पत्रे टाकले होते. एकदोनदा त्याला वर चहा पाठवला. तो पिऊन कप धुऊन ठेवी.

२०११ मध्ये भागिरथी गेली. यजमान २०२१ मध्ये गेले.

मी वह्या लिहीत आले, पण मागे वळून वाचल्या नव्हत्या. एकटी राहू लागल्यावर पहिल्या वहीपासून क्रमाने वाचायला घेतल्या, रोज थोड्या. जानेवारी २०२५ मध्ये १९९३ च्या अखेरीपर्यंत आले. ते पान मी इथे उतरवते.

"१४ डिसेंबर १९९३, मंगळवार. आकाश निरभ्र, सकाळी कडक थंडी. कचरू जाळपट्ट्याचे विचारायला आला. तीन बाजूंचा करायला सांगितला. पश्चिम उतारावरचे गवत पाहुणे येऊन जाईपर्यंत ठेवायचे. संध्याकाळच्या उन्हात फार सुंदर दिसते. तो नको म्हणत होता. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही असे बजावले."

पाहुणे आले नाहीत. त्यांचा बेत रद्द झाला, मुलीच्या सासरहून निरोप आला आणि मी पुण्याला गेले. गवताचे विसरले. याहून दुसरे काही कारण नाही.

मी ते पान त्या दिवशी किती वेळा वाचले ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी केली आणि वही पिशवीत घालून उंबरवाडीला गेले. तेवढ्या वर्षांत मी त्याच्या घरी कधी गेले नव्हते. घर विचारत जावे लागले. कचरू ओट्यावर उन्हात बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचे धूसर दिसते. त्याची सून भारती सुट्टीला आली होती. तिने मला खुर्ची दिली आणि म्हणाली, "मामंजी, बंगल्यावरच्या बाईसाहेब आल्यात."

तो उठू लागला. मी त्याला बसवले आणि वही काढून ते पान वाचून दाखवले. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुढे वाचता आले नसते.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "मंगळवार हुता व्हय? माझ्या ध्यानात बुधवार हुता."

"तू बोलला का नाहीस, कचरू?"

"कुनाला बोलायचं? तुमी तवा पुन्याला. सायेबांनी समद्या वाडीम्होरं इचारलं. बाईसाहेबांनी ठिवाया सांगितलं म्हनलो असतो, तर सायेबांची मान खाली गेली असती. अन् नसलेल्या मानसावर टाकलं असं झालं असतं."

"मी मे महिन्यात आले होते. तू आला होतास."

"आल्तो ना. वही बघाया आल्तो." त्याने भाजलेला हात मांडीवर फिरवला. "म्हनलं, बाईसाहेब लिवून ठिवतात समदं. आज ना उद्या उघडतील अन् सोता सांगतील. म्या सोता सांगन्यात काय हाय? लिवल्यालं हाय तर त्येच बोलंल."

मी त्याला सांगितले की त्या दिवशी टेबलावर १९९४ ची नवी वही होती, हे पान जुन्या वहीत नगरला राहिले होते. त्याने मान हलवली. वह्या दरवर्षी बदलतात हे त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या मनात माझी वही एकच होती.

भारती दारात उभी होती. सासूची आठवण काढून ती एकदम म्हणाली, "आत्या शेवटपातूर म्हनत हुत्या, माझा मानूस इसरनारा न्हाई. आमीच त्यांना गप करायचो." आणि आत निघून गेली.

मी विचारले, "मग ती कापणी? तीस वर्षे?"

"गवत तर वाढतंच की, बाईसाहेब. जाळाया कुनी देईना, मंग कापाया पायजे. खाली वाडी हाय."

मी म्हणाले की मला माफी मागायची आहे. तो म्हणाला, "मला एकट्याला वाचून काय उपेग? मला ठावंच हुतं. वाचायचं तर समद्यांम्होरं वाचा. होळीला या."

साऱ्या आयुष्यात त्याने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

१३ मार्चला, गुरुवारी, मी गेले. सूर्य डोंगराआड जायला थोडाच वेळ होता. वाडीच्या मधल्या मोकळ्या जागेत एरंडाची फांदी पुरून भोवती लाकडे आणि गोवऱ्या रचल्या होत्या. साठ-सत्तर माणसे असतील. गोरक्षनाथ पुढे होता, तोही आता काठी टेकतो. कचरू मागे, भिंतीला टेकून. धोतर धुतलेले होते.

मी सांगितले की मला काही वाचायचे आहे. बायका आपसांत कुजबुजल्या, वर्गणी मागायला आल्या असतील. मी चष्मा लावला आणि ते पान वाचले. नंतर म्हणाले, "हुकूम माझा होता. यानं नको म्हटलं होतं. आग लागली त्यात याची चूक नव्हती, माझी होती. गोरक्षनाथ, तुमचे बैल माझ्यामुळे गेले. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

गोरक्षनाथ काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत होता.

"तीस वर्सं," तो म्हणाला. "लई हळू वाचता तुमी, बाईसाहेब."

मी हो म्हणाले.

"मी ह्याला काय काय बोललो हाय, ते लिवलंय का तुमच्या वहीत?"

"नाही."

"बरं हाय. नका लिवू." मग तो मागे वळला. "कचऱ्या! तोंड न्हवतं तुला? बैल गेले तवा माझ्या कानात तरी सांगायचं. आपन काय परके हुतो?"

कचरू भिंतीपासून हलला नाही. "सांगितलं असतं तर तुझे बैल उठले असते का?"

"उठले नसते. पन मी तीस वर्सं तुला शिव्या देन्यात घालवली नसती. वाया गेल्या समद्या." कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. गोरक्षनाथाने शेजारच्या माणसाच्या हातातला टेंभा घेतला, पेटवला, आणि काठी टेकत स्वतः मागे चालत गेला. लोक बाजूला झाले. त्याने टेंभा कचरूच्या उजव्या हातात दिला.

"घे. अन् वारा नीट बघ. माझा गोठा अजून तितंच हाय."

भारतीने सासऱ्याचे कोपर धरले आणि त्याला होळीपाशी आणले. तिच्या दुसऱ्या हातात नैवेद्याची पोळी होती. टेंभ्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. त्याला तो उजेड दिसत असावा, कारण त्याने टेंभा जरा लांब धरला. सूर्य नुकताच टेकला होता. माणसे बोंब ठोकायला तोंडाशी हात नेऊन तयार होती.

कचरू खाली वाकला. भाजलेल्या हाताच्या तीन बोटांनी त्याने चिमूटभर माती उचलली आणि सोडली. डोळ्यांना ती दिसली नसेल. त्याने दुसऱ्यांदा उचलली, हात उंच केला आणि सोडताना तोंड पुढे केले. माती गालावर येते का ते तो पाहत होता.

"अजून वर चढतोय," तो म्हणाला. "थांबा."

एक पोरगा वैतागून काही बोलला. गोरक्षनाथाने त्याला काठी दाखवली. "थांब म्हनलं ना त्यानं."

सगळे थांबले. बायकांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मीही वही मिटून पिशवीत ठेवली. पश्चिमेच्या उतारावरचे, बंगल्याच्या पत्र्याच्या व्हरांड्याखालचे गवत कचरूने डिसेंबरात कापले होते. आता तिथे नुसती पिवळी खुरटी जमीन दिसत होती. टेंभ्याचा जाळ आधी डोंगराकडे कलला होता. मग तो सरळ उभा राहिला. कचरूने तिसऱ्यांदा माती उचलली.